थोरांच्या बालपणाची छोटी चरित्रे : विकत घेताना काय पाहावे?

पूर्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. दर्यापूर तालुक्यातील एका गावच्या ‘ड’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचे काम मी पाहते. अनुदानातील पुस्तक-खरेदी मार्चअखेरपर्यंत आटोपायची असून यंदा त्यातील मोठा वाटा चौथी ते सातवीच्या मुलांसाठीच्या चरित्रांवर खर्च करावा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. अशी पुस्तके आमच्या कपाटात आधीपासून आहेतच. ती चोवीस किंवा बत्तीस पानांची, गुळगुळीत मुखपृष्ठाची, मध्ये पिन मारलेली आणि निम्मी पाने बालपणाला दिलेली असतात. मुले ती नेतात, वाचतात आणि वेळेवर परतही करतात. माझी अडचण वेगळी आहे. लागोपाठ तीन-चार पुस्तके वाचून झाली की कोणते बालपण कोणाचे, हे मुलांना सांगता येत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही येत नाही. प्रत्येक थोर पुरुष आठव्या वर्षी सत्यवचनी, एकपाठी आणि मातृभक्त असतो, त्याचे उत्तर ऐकून गुरुजी अवाक होतात, शेजारचे म्हातारे ‘हा मुलगा नाव काढणार’ असे भविष्य वर्तवतात आणि पान उलटेपर्यंत तो विलायतेला निघालेला असतो. सहावीतल्या एका मुलाने असेच एक पुस्तक परत करताना मला विचारले, “ताई, हा पोट्टा कधी चुकतच नाही का वं?”

ज्या मुलाचे बालपण सांगायचे, त्या मुलाला आपण पुढे कोण होणार हे ठाऊक नव्हते, ही साधी गोष्ट बहुतेक लेखक विसरतात, असे माझे मत झाले आहे. लेखकाला शेवट माहीत असतो आणि तो त्याला पहिल्या पानावरच आवरत नाही. विक्रेत्याच्या यादीत नाव, पृष्ठसंख्या आणि किंमत एवढेच असते, त्यामुळे पुस्तक हातात आल्यावर कोणती पाने आधी उघडून पाहावीत, याबद्दल येथील शिक्षक, पालक आणि जुन्या वाचकांचे म्हणणे हवे आहे.

निवृत्त_मास्तर (पांढरकवडा)

ताई, प्रश्न चांगला आहे, पण या छोट्या पुस्तकांवर आपण थोडा अन्याय करत आहात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर परिपाठ घेतला. दहा वर्षांच्या मुलाच्या लक्षात सनावळी राहत नाही, प्रसंग राहतो. टिळकांचा शेंगांच्या टरफलांचा प्रसंग सांगितला की वर्गातील सर्वांत मागे बसणारा मुलगाही मान वर करतो. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, तेव्हा त्यातील प्रत्येक संवाद तसाच घडला होता का, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारत नाही, कारण पूर्वरंगात जे तत्त्व मांडले ते मनात उतरवण्यासाठी आख्यान असते. बालचरित्रातील प्रसंगांकडेही त्याच दृष्टीने पाहावे. मुलांना आधी आदर वाटू द्यावा, चिकित्सा पुढे माध्यमिक शाळेत होईलच.

काटोलकर

गुरुजींच्या अनुभवाचा मान राखून वेगळे मत मांडतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि ‘चिकित्सा पुढे होईलच’ असे ज्या मुलांबद्दल म्हटले जाते, ती मुले अकरावीत माझ्यासमोर बसलेली असतात. त्या वयात त्यांच्या डोक्यातील चौथीतला प्रसंग हलवणे फार कठीण जाते.

या प्रकारच्या लेखनाचा एक जुना आणि पुरता तपासला गेलेला दाखला अमेरिकेतला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९च्या डिसेंबरात वारला आणि पुढच्याच वर्षी मेसन वीम्स नावाच्या एका धर्मोपदेशक पुस्तकविक्रेत्याने त्याचे चरित्र बाजारात आणले. कुऱ्हाडीने चेरीचे झाड तोडणारा आणि वडिलांसमोर खरे बोलणारा लहानगा जॉर्ज त्या चरित्राच्या पहिल्या आवृत्तीत नाही. तो १८०६च्या पाचव्या आवृत्तीत अवतरतो आणि वीम्सच्या सांगण्याखेरीज त्याला दुसरा कोणताही आधार नाही. सत्य बोलावे हे शिकवण्यासाठी रचलेली ही गोष्ट स्वतःच रचलेली आहे, यातील गंमत आपल्या लक्षात येईलच.

मात्र याच पुस्तकाची दुसरी बाजूही सांगायला हवी. अब्राहम लिंकनने लहानपणी हे पुस्तक वाचले होते. राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे हाती घ्यायला निघाला असताना २१ फेब्रुवारी १८६१ रोजी ट्रेंटन येथील भाषणात त्याने स्वतः त्याची आठवण सांगितली. त्याच्या मनावर काय कोरले गेले होते? चेरीच्या झाडाचा तो उल्लेखही करत नाही. वॉशिंग्टनच्या सैन्याचे नदी ओलांडणे, ट्रेंटनची लढाई आणि तेथे सैनिकांनी सोसलेले हाल त्याला आठवतात, आणि साध्या स्वातंत्र्याहूनही मोठे असे काहीतरी असल्याखेरीज माणसे एवढे सोसणार नाहीत, असे आपल्याला पोरवयातच वाटले होते, असे तो सांगतो. म्हणजे बोधासाठी घातलेला प्रसंग मागे राहिला आणि कष्टांचे वर्णन मुलाने उचलले. पुस्तक निवडताना मी हे ध्यानात ठेवीन.

कास्तकार_दिग्रस

सरांचे शेवटचे वाक्य पटले. माझा अनुभव गाडगेबाबांच्या चरित्राचा आहे. माझ्या मुलाने बाबांची दोन छोटी पुस्तके वाचली. एकात दुसऱ्याच पानावर हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे आले. दुसऱ्यात मात्र डेबूजी झिंगराजी जाणोरकर या परिटाच्या पोराचे घर दिसते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावात जन्म, दारूपायी वडिलांचा मृत्यू, आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला माहेरी आली, तेथे मामाची गुरे राखणे, वावरात राबणे आणि पुढे सावकाराच्या हिशेबात मामाची जमीन जाणे, असे सारे त्यात आहे. मुलाने दारूचे आणि सावकाराचे ही दोन पाने पुन्हा वाचली आणि रात्री जेवताना मला विचारले की, अंगठा देण्याआधी मामाने कागद कोणाकडून वाचून का घेतला नाही. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. पीककर्जाचा कागद मी कसा वाचतो, हेही त्याने विचारून घेतले. पहिल्या पुस्तकाबद्दल त्याने काहीच विचारले नव्हते.

निवृत्त_मास्तर (पांढरकवडा)

भाऊ, आपला मुलगा चौकस आहे, पण बापाचा दारूपायी झालेला मृत्यू चौथीतल्या मुलापुढे ठेवावा का, याबद्दल माझे मन साशंक आहे. वर्गात असे एखादे मूल असतेच, ज्याच्या घरी हेच चाललेले असते. त्याच्याकडे बाकीची मुले वळून पाहतात, हे मी पाहिलेले आहे.

कास्तकार_दिग्रस

गुरुजी, वर्गात वाचताना आपण म्हणता तसे होऊ शकते, हे मान्य करतो. घरी किंवा वाचनालयात एकट्याने वाचणाऱ्या त्याच मुलाला मात्र, असे घर असलेला पोरगा पुढे गाडगेबाबा झाला, हे कळणे फार मोलाचे आहे. ते पान गाळले की बाबा दारूविरुद्ध आयुष्यभर एवढे पोटतिडकीने का बोलले, याचे कारणच पुस्तकातून नाहीसे होते. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण वाढणारा डेबू मग नुसता हट्टी वाटतो.

सेलूची_वाचक

थोडे विषयाला धरूनच सांगते. एडिसनच्या शाळेतून आलेली चिठ्ठी आईने मुद्दाम बदलून वाचली, ही गोष्ट हल्ली मोबाइलवरून थेट मुलांच्या पुस्तकांत येऊ लागली आहे. एडिसनचे शाळेत जाणे लवकरच बंद झाले आणि आईने त्याला घरी शिकवले, एवढे खरे आहे, चिठ्ठीचे नाटक मागाहून रचलेले आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलेल्या लिंकनच्या ‘पत्रा’चेही तसेच आहे. ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा नाही. एखाद्या पुस्तकात एडिसनची ती चिठ्ठी सापडली तर ते पुस्तक बाजूला ठेवावे, इतकी सोपी कसोटी मी वापरते.

वणीची_लेक

या चर्चेत अजून मुली आल्या नाहीत, म्हणून लिहिते. माझ्या मुलीसाठी मी सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी आणि जिजाऊ यांची छोटी चरित्रे आणली. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा आणि लग्न १८४० मधले, म्हणजे नवऱ्या मुलीचे वय नऊ. आनंदीबाईंचेही लग्न नवव्या वर्षीच झाले. मुलांसाठीच्या पुस्तकांत ही गोष्ट ‘त्या काळच्या प्रथेप्रमाणे विवाह झाला’ या एका वाक्यात उरकली जाते आणि पुढच्या परिच्छेदात पती पाटी-पेन्सिल घेऊन हजर होतो. माझी मुलगी तेव्हा स्वतः नऊ वर्षांची होती. माहेरून निघताना त्या मुलीने सोबत काय नेले, सासरी ती कोणाजवळ झोपत असे, तिला शिकायचे होते की खेळायचे होते, असे तिचे प्रश्न होते आणि पुस्तकाला ते सुचलेलेच नव्हते.

आनंदीबाईंच्या बाबतीत तर आधाराची वाण नाही. अभ्यासासाठी पतीने लहानपणी केलेल्या मारहाणीबद्दल त्यांनी स्वतः पत्रात लिहिले आहे, आणि चौदाव्या वर्षी झालेले मूल थोड्याच दिवसांत गेले, हेही सर्वश्रुत आहे. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हे वाचताना मुलांना आनंद व्हायलाच हवा, पण त्या आनंदासाठी आधीची मुलगी पुसून टाकावी लागते का? आमच्या भागात आठवी-नववीनंतर स्थळे पाहायला सुरुवात करणारी घरे अजून आहेत. तेथील मुलीला ‘प्रथेप्रमाणे’ या शब्दाआड काय होते, हे योग्य भाषेत, भडकपणा न करता सांगणारे पुस्तक हवे आहे. मला ते अद्याप मिळालेले नाही.

चिखलीकर

वणीच्या ताईंनी जिजाऊंचे नाव घेतले म्हणून बुलढाणा जिल्ह्यातून भर घालतो. सिंदखेडराजाला लखुजीराजांच्या वाड्यापर्यंत आमच्याकडची बहुतेक शाळकरी मुले सहलीने जाऊन येतात. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असल्याने नावेही त्यांना पाठ असतात. छोट्या चरित्रांत मात्र जिजाऊंचे बालपण म्हणजे रंगपंचमीचा दरबारी प्रसंग आणि तलवारबाजीचे एक चित्र, एवढ्यावर भागते. १६२९च्या जुलैत देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात लखुजीराजे आणि त्यांचे मुलगे मारले गेले आणि त्यानंतर सात महिन्यांत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. वडील आणि भाऊ गमावलेल्या स्त्रीच्या पोटी हे मूल आले, ही गोष्ट वाड्याच्या दरवाजात उभ्या असलेल्या मुलांना सांगितली की ती गप्प होतात, आणि नंतर प्रश्नांचा भडिमार करतात. या दोन तारखा शेजारी शेजारी मांडणारे बालचरित्र माझ्या पाहण्यात आलेले नाही.

वरोऱ्याहून

बाबा आमटे यांचे उदाहरण या धाग्यात असायला हवे. २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला श्रीमंत मालगुजाराच्या घरी जन्म, पोरवयात स्वतःची बंदूक आणि शिकार, तरुणपणी बिबट्याच्या कातड्याची गादी बसवलेली मोटार आणि सिनेमाचे वेड, असे ते आयुष्य होते. पुढे आनंदवन उभे राहील, अशी खूण त्यात शोधायला गेले तर सापडत नाही. म्हणूनच काही छोट्या पुस्तकांनी बंदूक आणि मोटार दोन्ही गाळून टाकली आहेत, आणि ‘लहानपणापासूनच दीनदुबळ्यांची कणव’ हे वाक्य मात्र ठेवले आहे. मुलांना बंदूक आवडते हे खरे, पण ती आवडली म्हणून बिघडले कोठे?

काटोलकर

गुरुजींनी प्रसंगांची बाजू मांडली होती, तिच्याकडे पुन्हा येतो, कारण प्रसंग नकोतच असे माझे म्हणणे नाही. प्रसंग कोणी सांगितला, हे पाहावे. ज्याचे बालपण त्यानेच मोठेपणी लिहून ठेवले असेल, तर त्याच्या तोडीचा प्रसंग कोणत्याही लेखकाला रचता येत नाही. गांधीजींनी इन्स्पेक्टरसमोर चुकलेल्या इंग्रजी शब्दाची आणि भावाच्या कड्यातील सोन्याच्या चोरीची हकिगत स्वतःच लिहिली आहे, म्हणून ती आजही ताजी वाटते.

बाबासाहेबांनी लिहिलेली १९०१ मधील मसूरच्या प्रवासाची आठवण मी अकरावीला दरवर्षी वाचून दाखवतो, पण ती पाचवीतल्या मुलालाही पूर्ण कळेल अशी आहे. वडील गोरेगावला नोकरीवर, त्यांनी सुटीत मुलांना बोलावलेले. नवे विलायती कापडाचे शर्ट, जरीच्या लखलखत्या टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे घालून ही मुले पहिल्यांदाच आगगाडीत बसतात. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आलेले नसते, कारण मुलांचे पत्र नोकराने वडिलांना दिलेलेच नसते. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ही चांगल्या घरची मुले वाटतात, तो आपुलकीने चौकशी करतो आणि जात कळताच मागे सरतो. मग दुप्पट भाडे, गाडीवान पायी चालणार आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, अशी अट. डबा भरलेला असतो, पण पाणी मिळत नाही म्हणून मुले रात्र उपाशी काढतात. नऊ वर्षांच्या मुलाने टोप्या आणि जोडे ध्यानात ठेवले आहेत, हे विशेष आहे. कित्येक बालचरित्रांत ही टोपी नसते. तेथे ‘लहानग्या भीमाने अन्यायाविरुद्ध लढण्याची प्रतिज्ञा केली’ असे वाक्य असते, जे मूळ आठवणीत कोठेही नाही. त्या रात्री ती मुले तहानेने आणि भीतीने जागी होती, प्रतिज्ञा करण्याच्या स्थितीत नव्हती.

आणखी एक सांगतो, कारण ते थेट आपल्या विषयाचे आहे. केळुसकर गुरुजींनी सत्काराच्या वेळी बाबासाहेबांना बुद्धाचे चरित्र भेट दिले, हे सर्वांना माहीत आहे. बहुतेक चरित्रांत तो सत्कार १९०७च्या मॅट्रिकनंतरचा सांगितलेला असतो. खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख केला आहे. यातील अचूक कोणते, यावर विद्यार्थ्यांना वाद घालू द्यावा. शाळकरी मुलाच्या हाती पडलेल्या त्या चरित्राबद्दल ते पन्नासएक वर्षांनंतरही लिहितात आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा होते, एवढे लक्षात घेतले तरी वाचनालयाच्या मुलांच्या कपाटात काय ठेवावे, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

निवृत्त_मास्तर (पांढरकवडा)

काटोलकर सरांचे मसूरचे उदाहरण प्रभावी आहे. तरीही माझा मुद्दा मी सोडत नाही. ज्यांनी आठवणी लिहिल्या त्यांचे ठीक आहे. गाडगेबाबा लिहीत नव्हते, आणि यावलीच्या माणिक इंगळेचे, म्हणजे तुकडोजी महाराजांचे, राष्ट्रसंत होण्याआधीचे दिवस आपल्याला भजने आणि गावकऱ्यांच्या सांगण्यातूनच कळतात. तेथे ऐकीव प्रसंग गाळले तर मुलांच्या हाती काय उरेल? ऐकीव असेल तर ‘असे सांगतात’ हे दोन शब्द लिहावेत आणि गोष्ट रंगवून सांगावी. आमच्या गावात टरफलांची गोष्ट सांगितल्यावर शाळा झाडणाऱ्या बाईंच्या मुलीने विचारले होते, “मंग थे टरफलं उचलले कोनं, गुरुजी?” ती गोष्ट खरी की खोटी, याने तिच्या प्रश्नाला बाधा येत नव्हती. उत्तर म्हणून आम्ही त्या दिवसापासून वर्ग झाडायच्या पाळ्या लावल्या.

पूर्णाकाठ

गुरुजी, हा प्रश्न मी आमच्या मुलांनाही सांगणार आहे. ‘असे सांगतात’ ही सूचनाही मान्य. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत, त्यामुळे त्यांच्या चरित्रात तरी मुलांना प्रश्न पडायला जागा असावी, एवढी माझी पुस्ती.

सर्वांचे वाचून मी खरेदीपूर्वी काय करणार, ते सांगते. प्रत्येक पुस्तकातील वय वर्षे सहा ते बारा एवढाच भाग प्रथम वाचेन. त्यात घर कशावर चालत होते, शाळा किती दूर होती, घरात कोण आजारी होते, कर्ज कोणाचे होते, यांपैकी काही सापडते का, हे पाहीन. भविष्य वर्तवणारे साधू, अवाक झालेले गुरुजी आणि प्रतिज्ञा यांची गर्दी असेल, तर पुस्तक परत जाईल. मुलींच्या चरित्रांत लग्नाचे पान आधी उघडेन. वणीच्या ताईंना हवे तसे पुस्तक मिळाले नाही, तर आनंदीबाईंची निवडक पत्रे आमच्या सातवीच्या मुलींसमोर शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर मी स्वतः वाचेन. दारूचे पान असलेले गाडगेबाबांचे पुस्तक दोन प्रतींत घेत आहे. ते वर्गात मोठ्याने वाचायचे नाही, घरी न्यायचे, म्हणजे गुरुजींची काळजीही राहणार नाही. एकाच व्यक्तीची दोन वेगवेगळी चरित्रे मुद्दाम घ्यावीत, असेही मनात आहे, कारण दोन्हींत न जुळणारी जागा शोधणे हा खेळ मुलांना फार आवडतो.

कास्तकार_दिग्रस

ताई, यादीत पंजाबराव देशमुखांचे बालपण आहे का? पापळसारख्या गावातून चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती अशा शाळा बदलत तो मुलगा शिकला. आमच्याकडे पाचवीपासून मुले एस.टी.ने तालुक्याला जातात, त्यांना हे जवळचे वाटेल.

पूर्णाकाठ

आहे, दादा. दोन पुस्तके मागवली आहेत. एकात शाळांची ही भटकंती दीड पानात आहे, दुसऱ्यात तो मुलगा पापळहून एकदम इंग्लंडला पोहोचतो. पहिले घेत आहे. खरेदी समितीची बैठक येत्या सोमवारी आहे. तुकडोजी महाराजांच्या बालपणावर सहावीच्या मुलाला झेपेल असे पुस्तक कोणी प्रत्यक्ष वाचलेले असेल, तर तोवर येथे लिहावे.